पाहुण्याला काय दिसतं?

१९४८ पासून १९६७ पर्यंत जेरुसलेम मधोमध चिरलेलं होतं. एका बाजूला इस्रायल, दुसऱ्या बाजूला जॉर्डन. मध्ये काटेरी तार, पडकी घरं आणि सुरुंग पेरलेली ओसाड जमीन. ज्यूला त्याच्या पवित्र भिंतीपाशी जाता येत नव्हतं. पलीकडच्या अरबाला अलीकडे राहिलेलं बापाचं घर गच्चीवरून दिसायचं, पण पाय ठेवता येत नव्हता. ये-जा करायला एकच नाका, मँडेलबाम गेट. त्या नाक्यातून जात कोण होतं? पाद्री, वकिलातीतले साहेब, युनोची माणसं आणि परदेशी प्रवासी. म्हणजे त्या मातीत जन्मलेला माणूस अर्धंच गाव बघत होता, आणि विमानातून उतरलेला पाहुणा दोन्ही अर्धी बघून, फोटो काढून, घरी जाऊन त्यावर पुस्तक लिहीत होता.

हे वाचलं तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय. दुभंगलेल्या गावाबद्दल खरं कोण सांगणार? त्यात राहणारा, की बाहेरून आलेला?

दोन उत्तरं तयारच असतात. एक : बाहेरच्याला काय कळतंय आमचं. दुसरं : बाहेरच्यालाच नीट दिसतं, आपले डोळे सवयीनं मेलेले असतात. मजा अशी की एकच माणूस सकाळी पहिलं उत्तर देतो आणि संध्याकाळी दुसरं. परदेशी पाहुण्यानं ज्ञानोबा-तुकोबांचं कौतुक केलं की त्याची नजर स्वच्छ. त्यानंच गावाबाहेरची वस्ती बघून चार शब्द लिहिले की तो भाडोत्री, त्याला आमची संस्कृती समजलेली नाही. तेव्हा ही दोन्ही उत्तरं जरा बाजूला ठेवू या.

जेरुसलेमचं मला कोण विचारतंय म्हणा. मी विरारच्या पूर्वेला चंदनसारला राहतो, गिरणीत पाळी करतो, हातात पडेल ते वाचतो. पण त्या जेरुसलेमला आपल्याकडची माणसंही गेली होती, म्हणून आधी त्यांचं सांगतो. कोकणातले बेने इस्राएल. अलिबागच्या बाजूला तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव पाडलं शनिवार तेली. मराठी बोलणारी, नऊवारी नेसणारी माणसं. गावगाड्यानं त्यांना एक जात देऊन टाकली. त्यांनीही ती घेतली आणि आपल्यातच गोरे इस्राएल, काळे इस्राएल असे दोन भाग करून एकमेकांत सोयरीक बंद ठेवली. या मातीत आलेल्याला जात चिकटल्याशिवाय राहत नाही, हा त्याचा पुरावा.

इस्रायल झाल्यावर ते हजारोंनी तिकडे गेले. आपल्या देवाच्या, आपल्या माणसांच्या देशात चाललो म्हणून गेले. काहींना तिथं कातडीच्या रंगावरून असे चटके बसले की धरणं धरून ते १९५२ साली परत आले. राहिले त्यांच्यासाठी १९६२ साली तिथल्या धर्मपीठानं फतवा काढला. यांच्याशी लग्न नोंदवायचं असेल तर यांची कुळं तपासा. आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण. म्हणजे ज्याला कोकणात तेली म्हणून बाजूला बसवला, त्याला पवित्र नगरीच्या दारात विचारलं, तू नक्की आमच्यातला का? १९६४ साली या मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. तेव्हा कुठं तिथल्या संसदेनं ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत, यांच्यात आणि इतरांत फरक करू नका.

आता सांगा, १९६४ साली तिथं गेलेल्या टुरिस्टला काय दिसलं असेल? तार. बंदुका. त्यानं वहीत लिहिलं असेल, या गावाच्या दोन बाजू आहेत. तारेच्या अलीकडे आणखी एक तार आहे, ती लग्नाच्या नोंदवहीत ओढलेली आहे, हे त्याला कुठून दिसणार? डोळ्यांत भरणारी भिंत असली की पाहुण्याला वाटतं आपल्याला सगळं दिसलं.

माझा खरा प्रश्न पंढरपूरचा आहे. तिथं तार नाही, बंदूक नाही, नाका नाही. आषाढीला लाखो माणसं. जो तो दुसऱ्याच्या पाया पडतोय. आलेला परदेशी पाहुणा भारावून जातो, आणि तो भारावतो हे खोटं नाही. मी ज्यांना ज्यांना वाचलं त्या सगळ्यांना तिथली माणुसकी दिसली. मलाही दिसते. आंधळ्याचा हात धरून नेणारी म्हातारी दिसते. पण मला एक पायरीही दिसते.

महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे. तिच्यासमोर, बाहेर, चोखोबाची समाधी. नामदेव शिंपी. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यानं ती जागा मागून घेतली असं सांगतात. मागून घेतली, हे लक्षात ठेवा. चोखोबानं काही मागून घेतलं नव्हतं. त्याला आयुष्यभर तिथंच उभं केलं होतं, मेल्यावर तिथंच पुरलं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम निघालं, महारांना वेठीला धरून नेलं, कूस कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेला. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. ज्या भिंतीबाहेर त्यानं जन्म काढला, तीच भिंत बांधताना मेला. गोष्ट अशी सांगतात की नामदेव हाडं शोधायला गेला आणि ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती गोळा करून त्यानं पंढरीला आणली. कीर्तनकार ही गोष्ट सांगतात तेव्हा लोक रडतात. रडणाऱ्यांतल्या कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही की, बुवा, हाडं एवढी पवित्र होती तर ती पायरीच्या आत का नाही नेली?

कुणी म्हणेल, बाहेर असली तरी पहिलं दर्शन चोखोबाचं घेतात, तो मान आहे. असेल. पण नाकारलेल्या दाराशी दिलेला मान आणि उघड्या दारातून दिलेला मान यात फरक आहे. तो फरक दगडात दिसत नाही. दगड तोच.

मग दार उघडलं कधी? १९४७ च्या मे महिन्यात. साने गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरले, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या आणि १ मेपासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मेला उपोषण सुटलं, देऊळ उघडायचं ठरलं. सहाशे वर्षांचा हिशोब दहा दिवसांत. गुरुजींबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आमच्यासाठी उपाशी राहणारे फार झाले नाहीत. पण पुढची हकिगतही लोक सांगतात ती ऐका. आम्ही आत जायच्या आधी काही बडव्यांनी मंत्र म्हणून विठ्ठलाचं तेज घागरीत काढून घेतलं. आम्हाला दगड ठेवला, देव घरी नेला. म्हणजे दार उघडलं तेव्हा त्यांच्या लेखी आत कुणी नव्हतंच.

या घागरीपुढे जेरुसलेमची तार काय करणार? तार कापता येते. १९६७ साली ती कापलीच. (पुढे २००२ पासून नवी काँक्रीटची उभी राहिली, तो भाग वेगळा.) घागर कुठल्या कोनाड्यात ठेवलीय हे पाहुण्याला सोडा, आम्हालाही माहीत नसतं. ती कधी भाड्याची खोली विचारायला गेल्यावर सापडते, कधी मुलगी बघायला गेल्यावर. बडव्या-उत्पातांचे हक्क सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या जानेवारीत कायमचे संपवले, त्याच साली देवळाच्या समितीनं सगळ्या जातींतून पुजारी घेतले. चांगली गोष्ट झाली, वाईट का म्हणू? पण घागरीवर कुठल्या कोर्टात दावा लावायचा?

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. रमाईंना पंढरपूरला जायचं होतं, एकदा तरी विठोबा बघायचा होता. तर ते म्हणाले की जे पंढरपूर तुला देवापासून लांब उभं करतं ते काय कामाचं, आपण दुसरं पंढरपूर उभं करू. १९३५ च्या मे महिन्यात रमाई गेल्या. १९५४ च्या डिसेंबरात देहूरोडला बुद्धमूर्ती बसवताना त्याच माणसानं सांगितलं की पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्धच आहे. बायकोला तिथं नेलं नाही त्या गोष्टीची कळ त्या बोलण्यात असेल का? मला वाटतं असेल. इतिहासवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

आता पाहुण्यांकडे येतो. परदेशी पाहुण्याची साक्ष आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती आपण पदोपदी काढतो. फाहियान. चिनी भिक्खू, इसवी सन ३९९ मध्ये घरून निघाला, डोंगर-वाळवंट तुडवत मध्यदेशात आला. त्यानं लिहून ठेवलंय की इथले चांडाळ गावाबाहेर राहतात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर लाकूड आपटत येतात, म्हणजे लोकांनी ओळखावं आणि बाजूला व्हावं. भाषणात ही ओळ आली की टाळी पडते. कारण आमचं दुःख आमच्या तोंडून खोटं ठरतं, पण चिन्यानं लिहिलं की पुरावा होतो. तो टाळ्या वाजवणारा मीही आहे.

पण दोस्तहो, ती ओळ पुढचं-मागचं धरून वाचा. आधीची वाक्यं काय आहेत? या देशात लोक सुखी आहेत. राजा कडक शिक्षा करत नाही. कुणी जीव मारत नाही, दारू पीत नाही, कांदा-लसूण खात नाही. फक्त चांडाळ तेवढे वेगळे. आणि मग ते लाकूड. म्हणजे त्यानं लाकडाचा आवाज ऐकला, नीट ऐकला, लिहिला, आणि तरी त्याच्या वहीतला देश सुखीच राहिला. लाकडाच्या आवाजानं त्याचं एक वाक्यसुद्धा हललं नाही.

आणि हा कुणी भट नव्हता. बुद्धाचा भिक्खू होता. आपला. त्याला त्या चांडाळाच्या मागं मागं त्याच्या झोपडीपर्यंत जावंसं वाटलं नाही. तो विनयाच्या पोथ्या शोधायला आला होता, त्यानं पोथ्या शोधल्या. जो पवित्र जागा बघायला येतो त्याला पवित्र जागा दिसतात, बाकीचं वाटेत लागतं. दोनशे वर्षांनी ह्यूएन त्संग आला. त्यानंही लिहिलं की खाटीक, कोळी, मारेकरी, भंगी यांच्या घरांवर खूण असते, ती नगराबाहेर असतात, रस्त्यानं ते डाव्या कडेनं अंग चोरून जातात. लिहिलं आणि पुढं गेला.

हे सांगितलं की आपल्यातले काहीजण रागावतात. म्हणतात, बुद्धाच्या माणसाला तू उभा-आडवा तपासतोस? तर हो. बाबासाहेबांनीही तपासलं. १९४८ च्या अस्पृश्यांच्या मूळ शोधाच्या पुस्तकात, जे त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखोबा या तिघांना अर्पण केलंय, त्यात या दोन्ही चिनी प्रवाशांची साक्ष त्यांनी काढली आणि उलटतपासणी केली. फाहियाननं चांडाळ वेगळे राहत असं लिहिलं, एवढ्यावरून तेव्हा अस्पृश्यता होतीच असं सिद्ध होत नाही, असं त्यांनी बजावलं. आपल्या फायद्याची साक्षसुद्धा त्यांनी तशीच गिळली नाही. वकील होते ना. आपण मात्र पाहुण्याचं वाक्य मिळालं की फ्रेम करून भिंतीवर लावतो.

मग पाहुणा काहीच कामाचा नाही का? थांबा. १९२७ साली कॅथरिन मेयो नावाच्या अमेरिकन बाईनं भारतावर एक पुस्तक लिहिलं. पुस्तक कुजकं होतं, साहेबाचं राज्य राहावं म्हणून लिहिलेलं होतं, यात मला शंका नाही. गांधींनी त्याला गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. सगळा देश हसला, आजही हसतो. पण मला त्या विनोदावर हसू येत नाही. कारण त्या विनोदात गटार तपासणारा आहे आणि गटाराची घाण वाटणारा आहे, पण गटारात उतरणारा नाही. तो कोण होता? त्याला विचारलं असतं तर त्यानं मेयोबाईला सांगितलं असतं, बाई, तू वरून वास घेतलास, खाली ये. आणि गांधींना सांगितलं असतं, बापू, अहवाल खोटा आहे की खरा हे मला विचारा. त्याला दोघांनीही विचारलं नाही. २००१ साली डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. आपली माणसं तिथं जाऊन सांगत होती की जातीचा प्रश्न जगापुढे येऊ द्या, आणि सरकार सांगत होतं की हा आमच्या घरातला प्रश्न आहे. घरातला! गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचा प्रश्न घरातला कसा होतो ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

तर बाहेरच्याला दिसत नाही. पण आतल्याला तरी कुठं दिसतं? माझ्या धंद्यातलंच सांगतो. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत भोंगा झाला की हजारो माणूस एकदम गेटात शिरायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही कामगारांची एकी, इथं जात कुठं उरलीय! पुढाऱ्यांनाही तसंच वाटायचं, आणि ते तर आतले होते, लढणारे होते, तुरुंगात जाणारे होते. पण आमच्या माणसाला विव्हिंग खात्यात साच्यावर घेत नव्हते. का? धोट्यातला दोरा संपला की नवा दोरा तोंडानं ओढून काढावा लागायचा. एका धोट्याला दोघांचं तोंड लागणार. सवर्ण साचेवाल्याला आमची थुंकी चालत नव्हती. विव्हिंगला पगार जास्त, म्हणून आम्ही रिंग खात्यात, साफसफाईत, कमी पैशात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेमकं हेच धरलं, की मागण्यांत विव्हिंग खातं आम्हाला खुलं करा हे का नाही? लाल बावट्याखाली, एका छपराखाली, एका धोट्याच्या भोकाएवढ्या जागेत अख्खं गावकूस बसलेलं होतं.

पुढं ते धोटे गेले. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आणि नंतरच्या वर्षांत गिरण्याही एकेक करून गेल्या. आज मी ज्या साच्यावर उभा राहतो त्याला तोंड लावावं लागत नाही. पण डबा खायला बसताना कोण कुणाशेजारी बसतं ते मी बघतो. कुणी काही बोलत नाही. बोलायची गरज नसते.

म्हणून मला वाटतं, आत आणि बाहेर ही वाटणीच कच्ची आहे. पाहुणा कुठून आला याला महत्त्व नाही, आल्यावर त्यानं कुणाचं दार ठोठावलं ते बघा. इरावतीबाई कर्वे इथल्याच, शिकलेल्या, वरच्या जातीच्या. वारीला गेल्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची चूल वेगळी आहे हे त्यांनी लिहिलं, आणि आपल्याला ते खुपतं हेही लिहिलं. चूल बघायला जेवणाच्या वेळेला थांबावं लागतं. नुसती मिरवणूक बघून चूल दिसत नाही. उलट एलिनॉर झेलियट अमेरिकेतून आल्या. त्यांना पंढरपूरचा कळस पुरला नाही. त्यांनी चोखोबा कोण, त्याची बायको सोयराबाई काय बोलली, पोरगा कर्ममेळा एवढा का चिडला, हे विचारलं. आणि विचारायला त्या पोथीवाल्यांकडे न थांबता आमच्या वस्त्यांत आल्या, कार्यकर्त्यांच्या घरी चहा प्यायल्या, आमच्या कविता त्यांनी आपल्या भाषेत नेल्या. २०१६ साली त्या गेल्या. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. पण लाकडाचा आवाज ऐकून त्या पुढं निघून गेल्या नाहीत.

एवढं लिहून थांबलो असतो, पण एक अडचण आहे, आणि ती माझीच आहे.

आमच्या चंदनसारपासून सोपारा जवळ. आज नालासोपारा म्हटलं की लोकांना लोकलची गर्दी आठवते, पण एके काळी हे मोठं बंदर होतं, अशोकाचे शिलालेख इथं सापडले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी एक टेकाड खणलं. आत दगडाची पेटी, तिच्यात डब्यात डबा, डब्यात डबा, आणि शेवटी मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असं त्यांना वाटलं. सगळं मुंबईला एशियाटिक सोसायटीत गेलं. आमच्याकडे विटांचं टेकाड राहिलं. रविवारी सुट्टी असली की मी तिथं जाऊन बसतो. आपली माणसं येतात, वंदना होते, अधूनमधून परदेशीही येतात.

तसा एक आला होता. पोलंडचा. माझं इंग्रजी डिक्शनरी घेऊन शिकलेलं, त्याचंही मोडकंच, त्यामुळे आमचं जमलं. तो जेरुसलेमला राहून आला होता आणि त्याआधीच्या आषाढीत पंढरपूरलाही जाऊन आला होता. जेरुसलेमबद्दल तो कडवट बोलला. म्हणाला, तिथं गल्लीगल्लीला कुणाची हद्द ते समजतं, मुसलमानांची, ख्रिस्त्यांची, आर्मेनियनांची, ज्यूंची. कुठल्या गल्लीत कोण कसा बघतो त्यावरून कळतं आपण कुठं आलोय. श्वास कोंडतो. आणि पंढरपूर? त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, तिथं मला कुणी विचारलं नाही तू कोण. एका म्हाताऱ्यानं भाकरी दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा एक न चिरलेलं गाव पाहिलं.

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, तो विचार नंतरचा. खरी गोष्ट अशी की मला त्याच्याबरोबर बरं वाटत होतं. दोन तास झाले होते आणि त्यानं माझं आडनाव विचारलं नव्हतं. आपल्याकडे अनोळखी माणूस पाच मिनिटांत पूर्ण नाव विचारतो, नाव सांगितलं की गाव विचारतो, गाव सांगितलं की गावात कुठं ते विचारतो. मग त्याच्या डोळ्यांत एक खिडकी लागते. याच्या डोळ्यांत खिडकीच नव्हती. याला आडनावातलं काही कळणारच नव्हतं. त्याच्या न कळण्यात मी पाय पसरून बसलो होतो. ज्या आंधळेपणावर मी ही चार पानं तावातावानं लिहिली, त्याच आंधळेपणाच्या सावलीला.

मग मी त्याला पूर्णाची गोष्ट सांगितली. सोपाऱ्याचा पूर्ण, व्यापाऱ्याचा मुलगा, पण आई दासी. बाप आजारी पडला तेव्हा बायको-पोरांनी टाकला, दासीनं सेवा केली, तिच्या पोटी हा झाला. बापामागं वाटणी झाली तेव्हा भावांनी दासीपुत्र म्हणून हिस्सा दिला नाही. यानं चंदनाच्या लाकडाच्या धंद्यात पैसा केला, पुढं भिक्खू झाला, आणि सोपाऱ्यात चंदनाचा विहार बांधून बुद्धाला बोलावलं. आमच्या चंदनसारचा त्या चंदनाशी काही संबंध आहे का, देव जाणे, पण मला असावासा वाटतो. गंमत म्हणजे ही आमच्या दारातली गोष्ट नेपाळातल्या पोथीत राहिली, ती पोथी पॅरिसला गेली आणि १८४४ साली बुर्नूफ नावाच्या फ्रेंच पंडितानं छापली. आम्हाला आमच्याच दासीचा पोरगा परदेशी पाहुण्यांच्या हातून परत मिळाला.

तो भराभर लिहून घेत होता. मग त्यानं टेकाडाकडे बोट करून विचारलं, या जागेला गावात काय म्हणतात? मी म्हटलं, बुरुड राजाचा कोट. बुरुड म्हणजे काय, तो म्हणाला.

इथं मी अडकलो. बुरुड म्हणजे बांबू विणणारा, टोपल्या-सुपं करणारा, एवढं सांगून थांबता आलं असतं. ते खोटं नव्हतं. पण त्यानं लगेच विचारलं, टोपल्या विणणारा राजा कसा? आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. टोपली कोण विणतो, कोण विणत नाही, विणणाऱ्याचं घर गावात कुठं असतं, त्यानं आणलेलं सूप घरात घेण्याआधी त्यावर पाणी का शिंपडायचे. आणि मग पंढरपूरची पायरी. आणि मग ती घागर. म्हणजे त्याचं ते न चिरलेलं गाव मी माझ्या हातानं चिरायचं, आणि माझी दोन तासांची सावलीही जायची.

मी सांगितलं. इंग्रजी पुरलं नाही तिथं मातीत रेघा ओढून दाखवल्या. हे गाव, हे कूस, ही पाण्याची विहीर, ही दुसरी विहीर. तो बराच वेळ रेघांकडे बघत होता. मान वर करून त्यानं विचारलं, आणि तू?

मी त्या रेघांवर बोट ठेवून दाखवलं. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. पोलिश मला वाचता येत नाही.